प्रकल्प नोंदी : उजवी अनामिका, मधला सांधा

७ जुलै २०२४, रविवार

आमच्या साखर कारखान्यात प्रत्येक मशिनची वही असते. कधी बंद पडलं, काय बदललं, बेअरिंग किती तापलं, सही कुणाची. ऑफ सीझनला ती वही चाळली की मशिनचं खरं दुखणं सापडतं. बोटाची वही सहा आठवड्यांपूर्वीच घालायला हवी होती. आज घालतोय.

घटना : २६ मे, कॉलनीतली टेनिस बॉलची मॅच. उंच उडालेला कॅच तळव्यात न येता उजव्या अनामिकेच्या टोकावर आदळला, बोट मधल्या सांध्यात उलटं मागं गेलं. कॅच सुटला. दहा मिनिटांत बोटाचं वांगं झालं आणि अंगठी अडकली. साबण लावून झाला, तेल लावून झालं. शेवटी सौ.ने शिवणाचा दोरा अंगठीखालून ओवला, सांध्याच्या वरपर्यंत वेढ्याला वेढा लावून घट्ट गुंडाळला आणि खालचं टोक धरून उलटा सोडवत गेली. एकेक वेढा सुटेल तशी अंगठी एकेक पाऊल वर सरकत बाहेर आली. तीस वर्षं पुली काढतोय, इतकं सुबक काम मी केलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी एक्स-रे. ‘मोठं काही नाही.’ बोट थोडं वाकवून ॲल्युमिनियमची स्पंजवाली पट्टी लावली आणि ‘अजिबात हलवू नका’ म्हणून सांगितलं. पाच आठवडे हलवलं नाही. आज्ञाधारकपणा नडला. पट्टी काढली तेव्हा बोट पट्टीच्याच आकाराचं झालेलं. ना सरळ होतं, ना मूठ मिटते. मग शेजारच्या गावातल्या एकाकडं दोनदा तेल लावून ओढून घेतलं. दोन्ही वेळा रात्रभर ठणका. त्यानंतर जो भेटेल तो स्पंजचा चेंडू दाबायला सांगतोय. घरात आता तीन चेंडू आहेत.

मोजमापं आजपासून. पोराच्या कंपासपेटीतला कोनमापक, त्याला आइस्क्रीमच्या दोन काड्या रिव्हेटनं जोडल्या. एक काडी बोटाच्या खालच्या हाडावर, दुसरी मधल्यावर. घेर दोऱ्यानं. वेळ रोज पहाटे सहा, गरम पाणी लागायच्या आधी, म्हणजे आकडे एकमेकांशी बोलतील.

पूर्ण सरळ व्हायला ३२ अंश कमी. वाकतं ६८ अंशांपर्यंत. घेर ६८ मिमी.
डाव्या हाताची अनामिका : कमी ०, वाकणं १०४, घेर ६०.

दुखणं दहापैकी ४. स्क्रू ड्रायव्हर पिळताना ७.

११ जुलै

मिरजेला हाताच्या सर्जनकडं गेलो. सांगली भागातल्या माणसाचं दुखणं शेवटी मिरजेलाच पोचतं.

त्यांनी आधी एक्स-रे पुन्हा काढायला लावला, बोट बरोबर कुशीवर धरून. जुन्या फोटोत चार बोटं एकावर एक आली होती, त्यात काय दिसणार? नव्या फोटोत मधल्या हाडाच्या बुडाशी, तळव्याच्या बाजूला, तांदळाच्या कणीएवढा कपचा. सांधा मात्र जागेवर बसलेला, निसटलेला नाही. ऑपरेशनची गरज नाही म्हणाले.

मग त्यांनी जे केलं ते मला फार आवडलं. बोट त्यांनी स्वतः हलक्या हातानं सरळ करून पाहिलं. मी माझ्या ताकदीनं जेवढं उघडतो, तेवढंच त्यांनाही उघडता आलं. म्हणजे वरून ओढणारी दोरी शाबूत आहे, ती कमी पडत नाही. मग मनगट पूर्ण खाली वाकवून तोच कोन मोजला, मनगट वर उचलून पुन्हा मोजला. आकडा तोच. वाकवणारी दोरी कुठं चिकटली असती तर मनगट खाली वाकवल्यावर ती सैल पडून बोट जास्त उघडलं असतं. तसं झालं नाही. म्हणजे दोष दोरीत नाही, बिजागरीत आहे. मशिन न उघडता दोन मिनिटांत निदान. आमच्याकडं एवढ्यासाठी आधी गिअरबॉक्स खोलतात.

बोटात स्नायू नसतात, हे मला अठ्ठेचाळिसाव्या वर्षी कळलं. बोट वाकवणारे मोठे स्नायू कोपराच्या खाली, हाताच्या मांसल भागात. तिथून दोऱ्या मनगटातल्या बोगद्यातून येतात आणि बोटाच्या हाडांना चिकटून राहाव्यात म्हणून ठिकठिकाणी कड्या. एक दोरी मधल्या सांध्यापुरती, दुसरी तिच्यातून पार होऊन टोकापर्यंत. बोट म्हणजे नुसता केबलवर चालणारा हात आहे, मोटर लांब बसवलेली.

माझं जे दुखावलं त्याचं नाव व्होलर प्लेट. सांध्याच्या तळव्याकडच्या बाजूला जाड, चिवट पडदा असतो. बोट उलटं मागं जाऊ नये म्हणून देवानं बसवलेला स्टॉपर. चेंडूनं तो बुडातून उपटला, जाताना हाडाची कणी घेऊन गेला. तो भरून येताना आखडतो. बोट वाकलेल्या स्थितीत पाच आठवडे ठेवलं तर तो आखूड होऊनच भरतो. ही पट्टी सुरुवातीचे थोडे दिवस ठीक असते, पुढं बोट शेजारच्या बोटाला बांधून हलवायला घेतात. मी विचारलं, मग पाच आठवडे का ठेवली? डॉक्टर म्हणाले, ‘झालं ते झालं. आता किती लवकर सुरू करताय ते सांगा.’

१४ जुलै

त्यांनीच हाताच्या थेरपिस्टकडं पाठवलं. वयानं माझ्या पुतणीएवढ्या. पहिल्याच वाक्यात मला ‘काका’ केलं.

माझा कोनमापक त्यांनी हातात घेऊन बघितला, हसल्या, आणि आपला स्टीलचा काढला. दोघांत तीन अंशांचा फरक. मी शरमलो, तर म्हणाल्या, ‘काका, एकाच माणसानं एकाच यंत्रानं मोजलं तरी पाच अंशांपर्यंतचा फरक आम्ही फरक धरत नाही. तुमचाच वापरा, फक्त बदलू नका.’ म्हणजे गेला आठवडाभर मी रोज एकेक अंशावर खूश होत होतो ते फुकट.

स्प्लिंट डोळ्यांसमोर केलं. पांढऱ्या प्लास्टिकच्या पत्र्याचा तुकडा गरम पाण्याच्या पसरट भांड्यात सोडला. मिनिटभरात तो साबुदाण्याच्या ओल्या पापडासारखा पारदर्शक, लिबलिबीत. चिमट्यानं उचलला, टॉवेलवर टिपला, बोटाखाली घेऊन अंगठ्यानं दाबत आकार दिला. गार होताना पुन्हा पांढरा आणि कडक. वरून सांध्यावर वेल्क्रोचा पट्टा. हे रात्रभर घालायचं. ताण एवढाच की ओढ जाणवावी, झोप मोडू नये.

यावर माझा वाद झाला. गंजलेली बिजागरी अशी उघडते का? दोन ठोके द्यावेत, मोकळी करावी. त्या म्हणाल्या, ‘बिजागरी ठोकली की गंज पडतो आणि विषय संपतो. सांधा ठोकला की तो सुजतो, सुजेत नवे धागे तयार होतात आणि आणखी घट्ट होतो. त्याला थोडा ताण, पण तासन्‌तास लागतो. मग तो स्वतःच लांब विणून घेतो.’ स्वतःच विणणारं मशिन माझ्या पाहण्यात नाही, म्हणून गप्प बसलो.

दिवसाचं काम : कोमट पाण्यात दहा मिनिटं हात. मग बोटाचं खालचं हाड दुसऱ्या हातानं घट्ट धरून फक्त मधला सांधा वाकवायचा-उघडायचा, दहा वेळा, दिवसातून पाचसहादा. धरलं नाही तर बोट लबाडी करतं, सगळं वाकणं खालच्या मोकळ्या सांध्याकडून उरकून घेतं आणि आपल्याला वाटतं व्यायाम झाला. सुजेसाठी नखापासून खाली बोटाला चिकटपट्टी गुंडाळायची. ही पट्टी स्वतःलाच चिकटते, कातडीला नाही. टोकाकडं जरा घट्ट, खाली सैल. बोट निळं पडलं किंवा मुंग्या आल्या तर लगेच काढायची.

चेंडू तिन्ही बंद. चेंडू दाबताना बोट अर्ध्या वाटेवर अडतं, पूर्ण वाकतही नाही आणि उघडत तर नाहीच. ज्या बाजूला बोट आधीच आखडलंय त्याच बाजूला आणखी जोर.

१९ जुलै

चूक माझी. चार दिवसांत २८ वर आलो आणि अंगात आलं. रात्री टीव्ही बघताना डाव्या हातानं दाबून दाबून बोट सरळ केलं. बारीकसं ‘कट्’ झालं, बरंही वाटलं. सकाळी ३३. पाच अंश म्हणजे मोजण्यातला फरक म्हणून सोडून दिलं असतं, पण घेर ६७ वरून ७०. दोरा खोटं बोलत नाही.

थेरपिस्ट मॅडमनी एक नियम दिला तो वहीच्या पुठ्ठ्यावर लिहिला : व्यायाम करताना दुखलं आणि थोड्या वेळात उतरलं तर चालू ठेवा. दोन तासांनीही ठणकत असेल किंवा सकाळी सूज वाढलेली असेल, तर काल जास्त झालं.

दोन दिवस नुसतं स्प्लिंट आणि कोमट पाणी.

२४ जुलै

आज टर्बाइनवरचा हेल्पर बोट दाखवायला आला. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीची फळी लावताना मधल्या बोटाच्या टोकाला बसलं. नखाचं पेर खाली मान टाकून बसलेलं. स्वतःच्या जोरावर वर उचलत नाही, दुसऱ्या हातानं उचललं तर सहज येतं. माझ्या पोटातली नवी विद्या लगेच वर आली, म्हटलं, हलव रे बाबा, बांधून ठेवू नकोस. तरी नशीब, मॅडमना फोन लावला.

बरोब्बर उलटं. त्याची वरून ओढणारी दोरी टोकापाशी तुटली आहे. त्याला टोकाचा सांधा पूर्ण सरळ बांधून सहा ते आठ आठवडे ठेवायचा, मधला सांधा मोकळा. अंघोळीला, जेवायला, कशालाही पट्टी काढताना टोक क्षणभरही खाली पडता कामा नये. पडलं की भरत आलेला धागा ताणला आणि दिवस पुन्हा एकपासून मोजायचे. एकाच बोटात इंचभराच्या अंतरावर दोन सांधे. एकाला हलवलं नाही म्हणून वाट लागली, दुसऱ्याला हलवलं तर लागेल. आणि लोक दोन्हीला तीच ॲल्युमिनियमची पट्टी आणि तोच स्पंजचा चेंडू सांगतात, मीही आज सांगणारच होतो.

त्यांनी फोनवर आणखी काही सांगितलं, ते इथं टिपून ठेवतो, कारखान्यात कामाला येईल. बोटाचं टोक वाकवताच येत नसेल (शर्ट किंवा पट्टा धरताना हिसका बसून आतली दोरी हाडापासून सुटते, अनामिकेचीच जास्त) तर दिवस मोजत बसायचं नाही, त्याच आठवड्यात सर्जन गाठायचा, कारण दोरी वर तळव्यात ओढली जाते आणि मग परत आणता येत नाही. मूठ मिटताना एक बोट दुसऱ्यावर चढत असेल तर हाड फिरलेलं असतं. बोट बधिर, पांढरं किंवा गार पडलं तर त्याच दिवशी. लाल, गरम, ताप आणि हलवताना जीव जाईल असं दुखणं, किंवा मांजर-कुत्र्याचा दात लागला असेल, तर त्याच तासाला.

हेल्परला सुट्टी मंजूर केली. माझ्या बोटाचं आज काही नाही.

४ ऑगस्ट

कमी २२, वाकणं ८०, घेर ६६.

पावसानं धरलंय. पहाटे बोट लाकडासारखं, चहाचा कप धरेपर्यंत अर्धा तास जातो. दुखणं मात्र जसंच्या तसं, ४. कोन सुधारतोय, सूज उतरतेय, मग दुखणं का हटत नाही? दहा आठवडे झाले. हाडाची कणी एव्हाना बसली असणार.

रात्री वही समोर घेऊन एका पानावर दुखण्याचे आकडे आणि कोन शेजारी-शेजारी मांडले. व्हायब्रेशनचे आकडे लोडबरोबर मांडतो तसे. काही जुळेना. २७ जुलैला दुखणं ६, त्या दिवशी कोन सगळ्यात चांगला. ३१ जुलैला दुखणं १. त्या रात्री स्प्लिंट लावायचं विसरलो होतो, सकाळचा कोन त्या आठवड्यातला सगळ्यात वाईट. आणि लग्नाच्या जेवणावळीत वाढपी म्हणून चार तास बादली धरली त्या दिवशी रकाना रिकामा. म्हणजे दुखलंच नाही, की माझं लक्ष नव्हतं?

मी इतके दिवस दुखण्याला प्रेशर गेज समजत होतो. जास्त दाखवतंय म्हणजे आत जास्त बिघाड.

५ ऑगस्ट

मॅडमना पान दाखवलं. त्यांनी फोटो काढून घेतला, म्हणजे काहीतरी बरं केलं असावं.

त्यांचं म्हणणं मला समजलं तसं : मार ताजा असताना दुखणं बऱ्यापैकी खरं सांगतं, इथं हात लावू नका म्हणून. जखम भरत जाते, पण तिथल्या नसा काही काळ हळव्याच राहतात. थोड्या स्पर्शालाही त्या खबर वर पाठवतात, आणि वर मेंदूही त्या बोटावर डोळा ठेवून बसलेला असतो. बोटांच्या टोकांना मेंदूत जागाही शरीराच्या मानानं भरपूर दिलेली आहे. तीन महिन्यांच्या पुढं राहिलेल्या किंवा परत परत येणाऱ्या दुखण्याला जुनाट म्हणायचं, असं वेदनेचा अभ्यास करणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं ठरवलंय. पण बोटाच्या मधल्या सांध्याला सूज आणि दुखरेपणा सहा महिने, कधी वर्षभरही राहतो, त्यानं घाबरायचं नाही.

‘मग हे मनाचं दुखणं?’ मी विचारलं. सौ. शेजारी बसली होती, तिनं माझ्याकडं बघितलं. कारण गेला महिनाभर तिनं हेच म्हटलं होतं.

‘नाही काका. दुखणं खरंच आहे. फक्त ते आता बिघाडाचा आकडा नाही.’

त्यांनी हात उलटसुलट करून कातडी तपासली. रंग, घाम, केसांची वाढ, एका हाताची ऊब दुसऱ्याशी ताडून. हात झळझळत असेल, सूज बोट सोडून पंजाभर पसरली असेल, कपड्याचा स्पर्शही सोसवत नसेल तर ते वेगळं प्रकरण आणि त्याला उशीर परवडत नाही. माझं तसं काही नाही. वहीत रकाना बदलला : ‘दुखणं’ खोडलं नाही, शेवटी नेलं. पहिला रकाना आता ‘आज बोटानं काय केलं’.

आज बोटानं शर्टाची बटणं लावली.

२० ऑगस्ट

कमी १८. बारा दिवस तिथंच. वाकणं ८६.

स्प्लिंटनं जेवढं व्हायचं तेवढं झालं असं मॅडमचं मत. आता प्लास्टर. मी दचकलो, पुन्हा बंदिस्त? हे वेगळं, म्हणाल्या. बोट जेवढं आरामात सरळ होतं तेवढं धरून भोवती पातळ प्लास्टरची नळी घालायची. चार-पाच दिवसांनी कापून काढायची, तोवर सांधा थोडा सैलावलेला असतो, मग नव्या कोनात नवी नळी. ही रीत आपल्याच देशात रुळली. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. पॉल ब्रँड यांनी १९४० च्या दशकाच्या शेवटी कुष्ठरुग्णांच्या वाकड्या झालेल्या हातांवर शस्त्रक्रिया सुरू केल्या, आणि आखडलेली बोटं सरळ करायला ते अशाच प्लास्टरच्या नळ्या वापरत. त्या रुग्णांच्या बोटांना दुखतच नव्हतं, नसा मेलेल्या. म्हणून जोर लावला तर कातडी फाटेपर्यंत कळत नसे. हळूहळू हाच एक रस्ता होता.

हे ऐकल्यापासून मी ‘आई गं’ म्हणणं जरा कमी केलंय.

२२ ऑगस्टला पहिली नळी. पुढं २६, ३० आणि ४ सप्टेंबरला बदल.

७ सप्टेंबर

गणपती बसले. चौथी नळी बोटात. मोदकाची पारी धरता येईना, सौ.नं सारण भरायला बसवलं. आरतीला झांज डाव्या हातात. पोरानं प्लास्टरवर स्केचपेननं गणपती काढलाय.

१० सप्टेंबर

नळी निघाली. कमी ७!

आणि वाकणं ८६ वरून ७०. हे मला आधी सांगितलं होतं, तरी वाईट वाटलं. एक बाजू उघडताना दुसरी बाजू बसते. मॅडम म्हणाल्या वाकणं लवकर परत येतं, उघडणं येत नाही, म्हणून आधी उघडणं. रात्री स्प्लिंट चालूच, दिवसा मधल्या बोटाला वेल्क्रोनं जोडी बांधून सगळी कामं करायची. शेजारचं बोट वाकतं तसं हेही ओढलं जातं. नव्या फिटरला जुन्याबरोबर शिफ्ट देतात तसं.

२९ सप्टेंबर

कमी ८, वाकणं ८८, घेर ६५. ८ आणि ७ एकच धरायचे, शिकलोय.

१२ ऑक्टोबर, दसरा

बॉयलरचं अग्निप्रदीपन झालं. नारळ मी फोडला, उजव्या हातानं.

ओव्हरहॉलची धावपळ सुरू आहे. बारीक मुठीचा पाना घट्ट धरला की बोट लगेच तक्रार करतं, कारण बारीक वस्तू धरायला मधला सांधा शेवटपर्यंत मिटावा लागतो. म्हणून १९ आणि २४ च्या रिंग पान्यांच्या दांड्यांवर सायकलची जुनी ट्यूब दोन वेढे गुंडाळली. मूठ जाड झाली, बोट गप्प. दोन फिटरांनी बघितलं आणि काही न बोलता आपल्याही पान्यांवर चढवली. त्यांना कुठं काय दुखत होतं कोण जाणे.

मिल हाऊसच्या कपलिंगचं अलाइनमेंट करताना जुनी सवय म्हणून दोन्ही तोंडांवरून अनामिकेचं टोक फिरवलं. खाच लागली. डायल लावून बघितलं तर अठरा शतांश मिमी वर-खाली. टोक शाबूत आहे. टोकाला काही झालंच नव्हतं म्हणा, पण पाच महिने मी त्या बोटाला कुठल्याच कामाला विचारलं नव्हतं.

२९ ऑक्टोबर, धनत्रयोदशी

कमी ६, वाकणं ९४, घेर ६४. दुखणं १, गार हवेला २.

सौ.च्या आग्रहानं अंगठी घेऊन सराफाकडं. मधल्या सांध्यावर अंगठी अडली, तीच जागा. सराफानं मापाच्या कड्यांचा जुडगा काढला, एकेक घालून बघितली. म्हणाला, ‘एक तुकडा टाकावा लागेल मामा, आजचा भाव तर तुम्हाला ठाऊकच आहे.’ सौ. तयार होती. मी थांबवलं. मॅडमनी सांगितलंय, घेर वर्षभर उतरू शकतो, आणि त्यानंतरही सांधा थोडा जाड राहतो तो राहतोच. मग आज तुकडा टाकून मे महिन्यात अंगठी सैल झाली तर?

अंगठी परत गोदरेजच्या कपाटात. धनत्रयोदशीला घरातून सोनं घेऊन जाऊन तेच परत आणणारा पहिलाच गिऱ्हाईक, असं सराफ म्हणाला.

१५ डिसेंबर

गाळप चालू. पहाटे चारला गव्हाणीपाशी हात बगलेत घालून उभं राहावं लागतं, गारठ्यात सांधा आवळतो. लोकरीच्या मोज्याचं एक बोट कापून त्यावर चढवलंय. रात्रीचं स्प्लिंट आता एकाआड एक. आकडे महिनाभर हललेले नाहीत, म्हणून रोजचं मोजणं बंद, महिन्यातून एकदा.

हेल्परचं टोक सरळ आलं, दोन-तीन अंश मान खाली आहे. मध्ये एकदा त्यानं पट्टी काढून भाकरी मोडली होती, दिवस पुन्हा एकपासून मोजले.

पुढचं मोजमाप १५ जानेवारी. अंगठीचं २६ मे.